ढगांचा नाकेदार

कळंबच्या स्टँडवर मी अजून कधी उतरलो, की चहाच्या टपरीवरचा एखादा म्हातारा डोळे बारीक करून माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "तुमी नाकेदारासमोरचे मास्तर न्हवं का?"

मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार? उभी हयात या गावात भूगोल शिकवण्यात गेली. निम्म्या गावाला खारे वारे आणि मतलई वारे मी शिकवले. आपल्या जिल्ह्याच्या हवामानावर माझ्या हातचं एक प्रकरण छापलं गेलं, ते कित्येक वर्षं पोरांनी घोकलं. पण गावाच्या लेखी मी कोण, तर नाकेदारासमोर राहणारा. त्यांच्या घराला समोर काहीतरी हवं म्हणूनच जणू आमचं घर बांधलं होतं.

नाकेदार मुसलमान, आम्ही लिंगायत. मधे एक बोळ, इतका अरुंद की ते त्यांच्या ओट्यावर खोकले तर इकडं आव्वा, म्हणजे माझी आई, काढ्याला आधण ठेवायची. निजामाच्या राज्यात बार्शीच्या रस्त्यावर हद्द होती. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी. त्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबवायच्या, माल बघायचा, जकात घ्यायची आणि आडवा बांबू वर करून गाडी सोडायची, हे नाकेदाराचं काम. पुढं राज्य गेलं, हद्द पुसली, नाका उठला. बाकीची माणसं दुसऱ्या कचेऱ्यांत पोटापाण्याला लागली. हे मात्र नाक्यावरची खुर्ची आणि तो बांबू बैलगाडीत घालून घरी आले. सरकारी बांबू कसा काय आणला असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "सरकारच न्हाई राहिलं, तर बांबू कुनाचा?"

खुर्ची त्यांनी ओट्यावर पश्चिमेला तोंड करून मांडली. बांबू ओट्याच्या दोन खांबांमधे आडवा बसवला. आणि माणसांच्या गाड्या सोडायचं काम गेलं म्हणून ढगांच्या गाड्या सोडायला सुरुवात केली.

आमच्याकडं पाऊस येतो तो बार्शीच्या अंगानं. तेव्हा त्यांच्या हिशेबानं प्रत्येक ढग त्यांच्याच नाक्यावरून पुढं जाणार होता. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी, तोंडात पान. एक ढग वर आला की हे मान वर करून त्याला अगदी खालपासून वरपर्यंत न्याहाळत आणि निकाल देत. "खाली गाडी. जाऊ द्या." किंवा, "भरलेली हाय, पन माल लातूरचा हाय. आपल्यात उतरायचा न्हाई." श्रावणात पावसानं दडी मारली, आभाळ नुसतं भरून यायचं आणि वाऱ्यानं फाटायचं, तेव्हा ते म्हणायचे, "माल बार्शीत अडकलाय. तिथले व्यापारी लई बदमाश." चैत्रात बोळातून वावटळ पाचोळा घेऊन फिरत आली, की खुर्चीतून उठून तिला सलाम करायचे. "बिगरमालाची हाय बिचारी. सोडा."

आणि लोक हे ऐकायला येऊन बसत. नुसते रिकामटेकडे नाहीत. नांगराच्या फाळाला धार लावायला निघालेला माणूस आधी नाकेदाराच्या ओट्याला येई, मग लोहाराकडं जाई. बाया वाळवण घालायच्या आधी पोराला पाठवत, "जा, नाकेदारचाचाला इचार, पापड घालू का." लग्नाची तिथी गुरवानं काढली तरी मांडव वैशाखातल्या वळवात सापडेल का, हे त्यांना विचारल्याशिवाय सुपारी फुटत नसे.

आता मला सांगा, मी काय वाईट केलं होतं? मी हैदराबादला राहून शिकून आलो होतो. शाळेत बॅटरीवरचा रेडिओ आला, तो माझ्या ताब्यात होता. दुपारच्या बातम्यांनंतर हवामान सांगत, ते मी कान देऊन ऐकायचो आणि संध्याकाळी गावात येऊन सांगायचो, की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. लोक अदबीनं ऐकून घेत. कुणी मधे बोलत नसे. माझं संपलं की एखादा म्हणायचा, "व्हय मास्तर. पन नाकेदार काय म्हनत्यात?"

मला मत्सर वाटायचा. त्याला गोड नाव शोधत बसत नाही. आणि तो आणखी वाढायचा तो एकाच गोष्टीनं, की ते चुकायचे. लई चुकायचे. चौथीतल्या पोरानं डोळे मिटून सांगितलं असतं तरी तेवढंच खरं निघालं असतं. मी मनातल्या मनात त्यांच्या चुका धरून ठेवायचो. गावाला मात्र त्यांचं खरं निघालेलं तेवढं आठवायचं.

मृगाच्या दिवशी तर विचारू नका. सकाळी बोळात पाय ठेवायला जागा नसे. नाकेदार नवी टोपी घालून येत, खांबापाशी उभे राहत आणि तो आडवा बांबू दोन्ही हातांनी वर करत. "पावसाला वाट मोकळी." एवढं म्हणत. मग माझे वडील, म्हणजे अप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून पुढं होत आणि त्या बांबूच्या बुडाशी नारळ फोडत. लिंगायताच्या हातचा नारळ, मुसलमानाच्या ओट्यावर, करोडगिरीच्या बांबूला. खोबरं वाटलं जाई आणि त्यानंतरच गावात पेरणीच्या पाभरी बाहेर निघत. पाऊस कधी त्याच आठवड्यात यायचा, कधी आषाढ निम्मा सरला तरी यायचा नाही. बांबू वरच राहायचा. "आमी वाट दिली," नाकेदार म्हणत, "आता त्याची मर्जी." हे उत्तर मी वर्गात दिलं असतं तर इन्स्पेक्टरनं माझी बदली केली असती.

त्या प्रकरणाची गोष्ट सांगतो. राज्यं बदलली, पुस्तकं बदलली. उर्दूतली गेली, मराठीतली यायची होती. पोरांसाठी जिल्ह्याचा भूगोल लिहायचं निघालं, आणि धाराशिवच्या कचेरीतून मला सांगून आलं की हवामानाचं प्रकरण तुम्ही लिहा. मी दिवाळीची सुट्टी त्यात घातली. अजून तोंडपाठ आहे. "जिल्ह्याचे हवामान सर्वसाधारणपणे कोरडे असून आरोग्यास हितकर आहे. उन्हाळा कडक व दीर्घ असतो. पर्जन्य अनियमित असून परतीच्या पावसावर रब्बीची भिस्त असते. हिवाळा अल्प व आल्हाददायक असतो. क्वचित गारा पडतात." एकही शब्द कमी-जास्त करता येणार नाही असं ते झालं होतं.

छापील पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते पहिल्यांदा अप्पांना दाखवलं. अप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं, पानाचा वास घेतला आणि म्हणाले, "चल, साहेबास्नी दाखवू."

गेलो. अप्पांचे साहेब म्हणजे नाकेदार. त्यांना उर्दू-फारसी येई, मराठी वाचताना ते अडखळत. म्हणून मलाच वाचायला लावलं. ओटा भरलेला. मी उभं राहून स्वच्छ आवाजात सगळं वाचलं. नाकेदार डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बहोत खूब. मास्तर, कागदावर आपली हवा लई शरीफ दिसती हो. अशी बाई असती तर म्या दुसरं लगीन केलं असतं."

ओटा हसून लोळला. अप्पासुद्धा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खाली उतरताना कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "झकास लिवलंय. नाकेदारास्नी इचारून लिवलं आसंल न्हाई?"

त्या रात्री मी जेवलो नाही. आव्वानं विचारलं काय झालं, मी म्हणालो पोट दुखतंय. ते खोटं नव्हतं.

लोकांचं मी सोडून दिलं असतं. लोक काय, तमाशाला जमतात. माझा जीव जळायचा तो अप्पांसाठी. अप्पा फार बोलणारे नव्हते. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे, "बैल सोड," "कडबा टाक," "आलास का." मी शिकून आलो तेव्हाही, "आलास का," एवढंच. पण संध्याकाळी गुरांचं आवरलं, अंघोळ करून लिंगपूजा झाली, की अप्पा बोळ ओलांडून जायचे आणि त्या खुर्चीच्या पायरीशी बसायचे. दोघं पश्चिमेकडं बघत. मधेच नाकेदार काहीतरी पुटपुटत आणि अप्पा मान डोलवत. मी खिडकीतून बघायचो. माझ्या बापाला एवढं मान डोलवता येतं, हे मला तिथं कळलं.

त्यांच्यात काय होतं, मला पुरतं कधीच समजलं नाही. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत नाकेदारांचं कुटुंब आमच्या माडीवर होतं, हे मला आठवतं. माझी गादी त्यांना दिली होती आणि मी पडवीत पोत्यावर झोपत होतो. अप्पा तेवढे दिवस कुऱ्हाड घेऊन दारात बसायचे. त्या दिवसांबद्दल दोघं पुढं कधी एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हाही गादीचंच वाईट वाटलं होतं.

आता धोंडीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडं पाऊस लांबला की एखाद्या पोराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधतात, त्याची धोंडी करतात आणि घरोघर फिरवतात. "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत पोरं नाचतात, बाया त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. ही रीत पाऊस यावा म्हणून. नाकेदारांनी तिला आपलं एक पोटकलम जोडलं होतं. त्यांचा अंदाज चुकला, आणि त्यात कुणाचं नुकसान झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी काढून ठेवत, टकलाभोवती निंबाच्या डहाळ्या सुतळीनं बांधत आणि ओट्याखाली पाटावर येऊन बसत. "या. घाला पानी." ज्याचं नुकसान झालं त्यानं तांब्याभर पाणी आणून त्यांच्या डोक्यावर ओतायचं. मग ते उठत, अंग पुसत, टोपी घालत आणि पुन्हा खुर्चीवर. हिशेब मिटला. जिचे पापड भिजले ती बाई पदर तोंडाला लावून हसत पाणी घालायची आणि जाताना म्हणायची, "चाचा, आता उद्या घालू का?"

मी एकदा अप्पांना सरळ विचारलं. त्या दिवशी रेडिओनं पाऊस सांगितला होता, नाकेदारांनी नाही म्हटलं होतं, आणि पाऊस पडला होता. मी म्हणालो, "अप्पा, मी सांगितलेलं खरं निघालं. तरी तुम्ही त्यांनाच विचारता. का?"

अप्पा बैलाच्या मानेला तेल लावत होते. वाटीत पुन्हा बोटं बुडवली. मग म्हणाले, "साहेब चुकले तर पानी घालून घेत्यात. तू चुकलास की कारन सांगतोस."

कारण माझ्याजवळ होतं, पण ते सांगितलं असतं तर त्यांचंच खरं झालं असतं.

त्यानंतरच्या फाल्गुनात आमची ज्वारी आली. अशी ज्वारी मी आधी बघितली नव्हती. कणसं ताटाला पेलत नव्हती. काढणी झाली, कणसं खुडली, खळं शेणानं सारवून तयार केलं. कणसं खळ्यावर पसरायची आणि बैल फिरवून मळायची एवढंच राहिलं. त्या दुपारी रेडिओनं सांगितलं, मराठवाड्यात काही भागांत वादळी पाऊस व गारा. मी शाळा सुटताच शेतावर गेलो, धापा टाकत. "अप्पा, आज कणसं पसरू नका. झाकून ठेवा. गारा यायच्यात."

अप्पांनी आभाळाकडं बघितलं. ऊन लख्ख होतं. म्हणाले, "साहेबास्नी इचारलंय. खाली गाड्या हायत म्हनले."

"अप्पा, मी सांगतोय."

"व्हय," अप्पा म्हणाले, "ऐकलं." आणि त्यांनी गड्याला कणसं पसरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी बैल खळ्यावर फिरत असताना वारा पडला. बार्शीकडून एक काळा ढग उठला आणि बघता बघता शेतावर आला. आधी टपोरे थेंब, मग गारा. बैल दावी तोडून बाभळीखाली पळाले. आम्ही पोती, ताडपत्री, अंगावरची घोंगडी, सापडेल ते टाकलं, पण पसरलेलं खळं कशानं झाकणार? कणसं पाण्यात तरंगायला लागली. पांढरीशुभ्र ज्वारी. दोन-चार दिवसांत ती काळी पडणार, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

मला दुःख झालं. आमच्या घरचं वर्षाचं खाणं होतं ते. पण खरं सांगतो, त्या दुःखाच्या खाली कुठंतरी एक उकळी फुटत होती. आता. आता तरी. मी भिजत अप्पांजवळ गेलो आणि म्हणालो, "मी सांगितलं होतं."

अप्पा ओंजळीतल्या गारा बघत होते. म्हणाले, "साहेबास्नी लई वाईट वाटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकेदार पाटावर बसलेले होते. निंबाच्या डहाळ्या कपाळावर उतरल्या होत्या. गारांनी हवा अशी गार करून सोडली होती की तोंडातून वाफ निघत होती. बोळात माणसं जमली, पण हसत कुणी नव्हतं. एवढं मोठं नुकसान त्यांच्या शब्दानं अजून कुणाचं झालं नव्हतं. मला वाटलं, आज अप्पा काहीतरी बोलतील. घागरभर थंडगार पाणी नेऊन ओततील. निदान जाणारच नाहीत, आणि नाकेदार पाटावर बसून राहतील दिवसभर.

आमच्या चुलीवर चरवी चढली होती. अप्पा चुलीपुढं उकिडवे बसून स्वतः जाळ घालत होते. मधेच बोट बुडवून बघत. आव्वा म्हणाली, "आंघुळीला का?" अप्पा म्हणाले, "न्हाई. साहेब बसलेत. गारठा हाय. थंड पानी डोक्यावर घातलं तर म्हाताऱ्याला बाधंल."

धोतराच्या सोग्यानं चरवी धरून ते बाहेर गेले. मी दारात उभा होतो. त्यांनी पाणी हळूहळू सोडलं, एका हातानं नाकेदारांच्या कपाळावरचा पाला बाजूला करत, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. पाणी संपलं तरी नाकेदार उठले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "अप्पा, यंदा काय खानार?"

"काळी ज्वारी," अप्पा म्हणाले. "तुमी बी आमच्यातच जेवा. चव कळंल."

मग दोघं हसले. वर्षभर आम्ही त्या काळ्या ज्वारीच्या कडवट भाकरी खाल्ल्या, आणि नाकेदार महिन्यातून एकदा येऊन खरंच आमच्यात जेवायचे आणि प्रत्येक घासाला तोंड वाकडं करायचे. अप्पांना ते फार आवडायचं. मी ताट घेऊन आत जाऊन बसायचो. मला त्या भाकरीत दुसरंच काहीतरी लागायचं. लहानपणी तापानं फणफणलो तेव्हासुद्धा अप्पांनी माझ्यासाठी चुलीपुढं बसून पाणी तापवल्याचं मला आठवत नव्हतं. आठवून आठवून बघितलं.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी भाद्रपदात नाकेदारांना खोकल्यानं धरलं. छाती भरली. खुर्ची ओट्यावर रिकामी राहायला लागली आणि ते आतल्या खिडकीपाशी बाजेवर पडून राहायला लागले. लोक यायचे, रिकाम्या खुर्चीकडं बघायचे आणि जायचे. रब्बीची पेरणी तोंडावर आली. उघडीप झाली होती, पेरणीजोगा वाफसा होता. पण हस्त नक्षत्र लागलेलं. पेरल्यावर मोठा पाऊस झाला तर वर चिखलाची पापडी धरते आणि बी खाली दडपून मरतं. थांबलं तर ओल उडून जाते.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. अप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या खोलीत ते कधी येत नसत. थोडा वेळ खांबाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "काय रं, काय म्हनतोय पाऊस? पेरावं का थांबावं?"

हा प्रश्न ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. आणि उत्तर माझ्याजवळ होतं. रेडिओनं दुपारीच सांगितलं होतं, पाऊस आहे, चांगला आहे. नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. पण मी उठलो. अप्पांच्या पुढं होऊन ओट्यावर आलो. कमरेवर हात ठेवून पश्चिमेकडं बघितलं. सूर्य बुडत होता आणि कापसासारखे चार ढग रेंगाळत होते. मी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणालो, "खाली गाड्या हायत, अप्पा. जाऊ द्या लातूरकडं. खुशाल पेरा."

का म्हणालो? अप्पा नाकेदारांकडं बघून मान डोलवायचे तशी माझ्याकडं बघून एकदा डोलवावी म्हणून. आणि त्यांनी डोलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर दाबला आणि पाभर बघायला गोठ्यात गेले. त्या संध्याकाळी माझ्याइतका सुखी माणूस तालुक्यात नसेल.

पेरणी आटोपली आणि पाऊस आला. "पडेल हत्ती, तर पडतील भिंती" अशी हस्ताच्या पावसाची आमच्याकडं म्हण आहे. आमच्या गोठ्याची पडली. पाऊस थांबल्यावर अप्पा रानात जाऊन आले, पाय धुतले आणि म्हणाले, "बी दडपलं." बाकी काही नाही. मला कारण विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडाजवळच्या निंबाच्या डहाळ्या तोडल्या, सुतळीनं डोक्याला बांधल्या आणि पाट घेऊन आमच्या ओट्याखाली येऊन बसलो. माझं गणित सोपं होतं. चुकलं, नुकसान झालं, आता पाणी. अप्पांनीच सांगितलं होतं.

बोळातून शाळेची पोरं जात होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि भिंतीला चिकटून पळाली. शेजारचा सुतार थांबला, लांबूनच म्हणाला, "मास्तर, कांजिन्या आल्या का? मग भाईर कशाला बसलाव? वारं लागंल." मी म्हणालो, कांजिण्या नाहीत, धोंडी आहे. त्याला ते पटलं नाही. त्यानं पुढं जाऊन दोघातिघांना सांगितलं असावं, कारण नंतरची माणसं दुसऱ्या बोळानं गेली.

मग आत चुलीचा धूर झाला. फुंकणीचा आवाज आला. जाळ घालणारा हात आव्वाचा नव्हता, मला फुंकेवरून कळलं. मी पाटावर सावरून बसलो. थोड्या वेळानं अप्पा बाहेर आले. धोतराच्या सोग्यात धरलेली चरवी, वर वाफ. मी मान खाली घातली आणि डोळे घट्ट मिटले.

पाणी पडलं नाही.

डोळे उघडले तेव्हा अप्पा बोळ ओलांडून नाकेदारांच्या दारात शिरत होते. खोकल्याच्या छातीला शेक हवा होता, दोन दिवसांपासून अप्पाच तो देत होते, मला ठाऊक होतं. त्या घटकेला ते आठवायला हवं होतं. तिकडून खोकला ऐकू आला, मग पाणी ओतल्याचा आवाज, मग दोघांचं हसणं. मी पाटावरून उठलो नाही. उठून कुठं जाणार? पाला वाळत चालला होता आणि कपाळाला खाज सुटली होती.

बऱ्याच वेळानं अप्पा परत आले. चरवी हातातच होती. माझ्यासमोर उभे राहिले, डोक्यावरच्या पाल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "साहेबांनी खिडकीतून बघितलं तुला. म्हनले, अप्पा, निम्मं राखून ठेवा. मास्तर बसलेत."

आणि त्यांनी माझ्या डोक्यावर चरवी वाकडी केली. एका हातानं कपाळावरचा पाला बाजूला धरला होता. पाणी कानामागून पाठीवर उतरलं.

"निवलंय," मी म्हणालो.

"व्हय," अप्पा म्हणाले. "आदी साहेबांचं झालं." मग चरवी पुरती उपडी केली आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत माझ्या डोक्यावर धरून ठेवली.